पाण्यात कालवलेला रंग

पासलीच्या सगुणाबाईंना जगातल्या बऱ्याच गोष्टी कळत नसत, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. मोबाईलची रेंज सगळं गाव सोडून देवळामागच्या चिंचेखालीच का येते, शहरातली माणसं एवढ्या लांबून डोंगर चढायला का येतात, आणि शेवटी उतरायचंच असतं तर चढतात तरी कशाला, असले प्रश्न त्यांनी दुसऱ्यांवर सोपवून दिले होते. पण भिंत, चुना आणि पाणी आपल्याला कळतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गावातल्या कुणीही ती घेतली नसती.

दसरा जवळ आला की सबंध वाडीला सगुणाबाई आठवायच्या. ओढ्याकाठची घायपात तोडून आणायची, पानाचं एक टोक दगडावर ठेचून ठेचून त्याचे नुसते धागे ठेवायचे, की झाला चुना लावायचा कुंचा. तसा तो कुणालाही करता येतो. पण सगुणाबाईंच्या कुंच्याचे धागे भिंतीला चिकटून राहत नसत, आणि चुन्यात नीळ किती घालायची ते त्या नुसतं बोट बुडवून सांगत. नवरा लवकर गेला. त्यानंतर सोमनाथला त्यांनी वाढवलं ते भाताच्या खाचरांवर आणि थोडंफार या कुंच्यावर. आता घरं सिमेंटची झाली, दुकानातून रंगाचे डबे येऊ लागले, कुंच्याला कुणी विचारीना. तरी दर दसऱ्याला त्या स्वतःच्या घरावर हात फिरवत आणि काम झालं की कुंचा तसाच, चुन्यासकट वाळवून वाशाला खोचून ठेवत. धुवायची भानगड नाही. पुढल्या वर्षी रात्रभर पाण्यात टाकायचा, सकाळी धुण्याच्या दगडावर आपटायचा, की पुन्हा होता तसा मऊ. जे पाण्यात कालवलं ते पाण्यानं सुटतं. चुना, गेरू, शेण, माती, सगळ्यांना हाच कायदा. साठी उलटून गेली तरी या कायद्याला अपवाद काही त्यांना भेटला नव्हता.

तो भेटला सुनेच्या पिशवीत.

सून प्रेरणा, कामथडीची. हायवेकडेचं गाव, कॉलेज झालेली मुलगी, चित्रकलेचा कसलासा कोर्सही केलेला. पासलीत आली तेव्हा कित्येक महिने ती त्या चिंचेखाली उभी राहून आईशी फोनवर बोलायची आणि डोळे पुसून घरात यायची. सगुणाबाईंना ते दिसायचं, पण काय बोलावं हे सुचायचं नाही. त्यांची स्वतःची सासू त्यांच्याशी कामापलीकडे कधी चार शब्द बोलल्याचं आठवत नव्हतं, त्यामुळे सासूनं सुनेशी काय बोलायचं असतं याचा नमुनाच त्यांच्यापाशी नव्हता. दोघींचं भांडण मात्र कधी झालं नाही. चहा घेतलास का, म्हशीला पाणी दावलं का, एवढ्यावर दिवस जायचा.

मग अंगणवाडीच्या भिंतीवर चित्रं काढायचं काम प्रेरणाला मिळालं. बोलक्या भिंती म्हणतात त्या. तिनं ट्रंकेतून एक कापडी पिशवी काढली. तिच्यात ब्रश होते, बारीक, चपटे, जाड, आणि प्रत्येकाच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळलेला. भिंतीवर पहिला पोपट बसला त्या संध्याकाळी पोरगी भाकरी थापताना काहीतरी गुणगुणत होती. सगुणाबाई चुलीपुढे लाकडं सारत ऐकत राहिल्या. त्याच वेळी त्यांनी मनाशी पक्कं केलं, की ही पोरगी पासलीत टिकली तर या ब्रशांवर टिकणार. सोमनाथवर नाही, आणि आपल्यावर तर नाहीच नाही.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे या बाईनं जो घोळ घातला, त्याला लोक खुळेपणा म्हणाले. तो खुळेपणा नव्हता. त्यांचं गणित त्यांच्या परीनं बरोबरच होतं.

थंडीचे दिवस. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून प्रेरणा पुढच्या आठवड्यात कामथडीला जायची होती. तेवढ्यात भिंतीवरचा हत्ती उरकून टाकू म्हणून ती स्टुलावर बसली होती. हत्तीचे पाय झाले, पोट झालं, कान झाले, आणि सोंड काढायच्या आत कळा सुरू झाल्या. सोमनाथ दुधाचा टेम्पो चालवतो. त्यानं कॅन रस्त्यावरच उतरवले, बायकोला आणि आईला पुढं बसवलं आणि थेट नसरापूरचा दवाखाना गाठला. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप. सगुणाबाईंनी नातीला हातात घेतलं, तिची मूठ उघडून बघितली, "किती गं लांब बोटं," एवढंच म्हणाल्या आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हशीसाठी त्यांना घरी परतावं लागलं. दवाखान्यातून प्रेरणा माहेरी गेली.

गावात पाऊल ठेवतात तोच फुलाबाईनं त्यांच्या हातात ती पिशवी दिली. फुलाबाई म्हणजे शेजारीण, आणि अंगणवाडीतली मदतनीसही.

"तुमच्या सुनंची हत्यारं. भित्तीखाली पडली व्हती. म्या कट्ट्यावर उनात ठिवली."

सगुणाबाईंनी ब्रश चाचपून बघितले. खडखडीत वाळले होते. त्यांना बरंच वाटलं. ओले राहिले असते तर कुजले असते. त्यांनी ते फडक्यात नीट गुंडाळले आणि वाशाला, आपल्या कुंच्याशेजारी खोचून ठेवले.

बारशाला त्या कामथडीला गेल्या. बाळाचं नाव शेफाली ठेवलं. सगुणाबाईंना ते नीट म्हणता येईना, त्या शेपाली म्हणायच्या आणि बायका हसायच्या. त्या गर्दीत प्रेरणानं त्यांना हळूच विचारलं, "आत्या, माझे ब्रश त्या दिवशी कुणी धुतले का हो?"

"व्हय, धुतलं की," सगुणाबाई म्हणाल्या.

खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी धुतले आणि धुऊ यात काही फरकच नव्हता. घरी जाऊन पाण्यात टाकले की काम झालं, त्यासाठी बाळंतिणीच्या जिवाला घोर कशाला? पण ते ऐकून प्रेरणाचा चेहरा असा काही खुलला, की तिनं पाहुण्यांदेखत सासूचा हात धरला आणि आईला म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? आत्यांनी माझे ब्रश धुऊन ठेवलेत." लग्न झाल्यापासून तिनं सासूचा हात पहिल्यांदाच धरला होता. एसटीत बसल्यावरही सगुणाबाई तो हात मांडीवर वेगळा ठेवून बसल्या होत्या.

घरी आल्याआल्या त्यांनी ब्रश बादलीत टाकले. सकाळी काढले तर जसेच्या तसे. लाकडाच्या ढलप्या जणू. असू दे, म्हणून त्यांनी ते धुण्याच्या दगडावर ठेवले, हातात गोटा घेतला आणि कुंच्याला ठेचतात तसे ठेचले. चुना असता तर पांढरं पाणी निघालं असतं. इथं काहीच निघालं नाही. फक्त टोकं फाटली आणि आतला हिरवा, करडा रंग तसाच घट्ट बसून राहिला.

सगुणाबाई दगडावरच बसल्या. हे काय म्हणायचं? पोरगी पाण्यातच तर कालवत होती. रंगाच्या डबीत ब्रश बुडवायची, शेजारच्या पाण्याच्या ग्लासात खळखळ करायची, ब्रश स्वच्छ व्हायचा. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग तेच पाणी, तोच रंग, आणि आता ओळख दाखवायला तयार नाहीत?

फुलाबाईला गुपचूप बोलावून घेतलं. तिनं आधी सोडा सुचवला, मग रिठा, मग चिंचेचं पाणी.

"अवं, तांब्याची भांडी निगत्यात चिंचंनं."

"हे तांब्याचं हाय व्हय?"

"न्हाई, पर चिंच ती चिंचच की."

चिंच झाली, लिंबू झालं, उकळतं पाणी झालं. माळ्यावरच्या जुन्या कंदिलात तळाशी थोडं रॉकेल होतं, तेही ओतून झालं. घरभर वास सुटला आणि ब्रश होते तसेच. सोमनाथनं विचारलं, "आये, रॉकेलचा वास कसला?" तर त्या म्हणाल्या, "मुंग्या झाल्यात." सोमनाथला खरं सांगण्यात अर्थ नव्हता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, दुधासोबत ही बातमीही तो कामथडीला पोचवून आला असता. एकदा मनात आलं, नवे ब्रश आणून ठेवावेत. पण ते रंगीत दोरे कुठून आणायचे? आणि पोरगी पहिल्या नजरेत ओळखणार. मग एवढ्या आनंदानं धरलेला हात ती कायमचा सोडणार.

याच सुमारास सव्वा महिना भरत आला. पद्धत अशी, की सासरच्यांनी जायचं आणि बाळ-बाळंतिणीला घेऊन यायचं. सासरचं माणूस आल्याशिवाय मुलगी आपल्या पायांनी निघत नाही. विहीणबाईंचा, म्हणजे मंगलबाईंचा, फोन आला.

"मग, कधी येताय न्यायला?"

सगुणाबाई चिंचेखाली उभ्या होत्या. डोळ्यांसमोर वाशावरचं फडकं होतं.

"घाई काय हाय, इहीनबाई? ऱ्हाऊ द्या की. हितं थंडी लई हाय."

त्यात थोडंफार खरंही होतं. पण थंडी ओसरली, रथसप्तमी गेली, आणि पुन्हा फोन आला तेव्हा त्यांनी कारण सांगितलं की घराचं थोडं काम काढलंय. घराचं काहीही काम काढलेलं नव्हतं. सोमनाथनं दोनदा विचारलं, "आये, आनू का त्यांना?" दोन्ही वेळा उत्तर एकच, "जरा थांब." का थांबायचं ते त्याला कळेना आणि विचारायचं धाडस होईना. तो कामथडीला जाऊन बायकोला सांगे, आई म्हणती जरा थांबा. तिनं का म्हणून विचारलं की म्हणे, मला काय म्हाईत. नवरा म्हणून यापेक्षा थोडं जास्त बोलता आलं असतं, पण ते राहू दे.

एकदा प्रेरणानं स्वतःच फोन केला.

"आत्या, हत्ती तसाच आहे का हो?"

"तसाच हाय."

"बिनसोंडेचा?"

"व्हय. पोरं इचारत्यात, ह्यो म्हस हाय का म्हणून."

प्रेरणा हसली, पण लगेच थांबली. "मी आले की पूर्ण करते," ती म्हणाली. पुढचं वाक्य आता सासूनं बोलायचं होतं. ते लहानसंच होतं, अवघं एका शब्दाचं.

"सावकाश ये गं. हत्ती कुठं पळून चाललाय?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "आत्या, तुम्हाला बाळाची आठवण येते का?"

"येती की," सगुणाबाई म्हणाल्या, आणि आता ही पुन्हा ब्रशांचं विचारणार या भीतीनं त्यांनी घाईघाईनं फोन बंद केला.

शेवटी त्यांनी भोर गाठायचं ठरवलं. तिथं स्टँडजवळ जलाल पेंटरचं दुकान आहे. गाड्यांचे नंबर, टेम्पोंवरची नावं, दुकानांच्या पाट्या. सोमनाथच्या टेम्पोवरची फुलंही त्यानंच काढलेली. रंगाचं त्याला कळणार नाही तर कुणाला? फडकं पदराखाली घेऊन त्या पासलीहून एसटीनं निघाल्या. चेलाडीला गाडी बदलताना कामथडीची एक बाई समोर उभी राहिली, बारशात पाहिलेली.

"काय वो, नातीला बघाया आलाव जनू?"

"न्हाई, भोरला काम हाय," सगुणाबाई म्हणाल्या आणि फडकं आणखी आत ओढून भोरच्या गाडीत चढल्या. कामथडी तिथून हाकेच्या अंतरावर. आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांच्या डोक्यात फक्त ब्रश होते.

जलालनं एक ब्रश उचलला, नखानं खरवडला, नाकाशी नेला.

"मावशी, हे ॲक्रेलिक हाय. ओलं हाय तवर पान्याचं. वाळलं की पान्याचा आन त्याचा संबंध संपला. त्याचं प्लास्टिक व्हतं."

"मग त्यातलं पानी गेलं कुठं?"

"उडून गेलं."

"आन रंग?"

"ऱ्हायला."

"मग म्या परत पानी घातलं तर?"

जलालनं डोकं खाजवलं. "ते दुसरं पानी झालं, मावशी."

सगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पाण्यात दुसरं पाणी असतं, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. जलाल म्हणाला, याला स्पिरिट पाहिजे, दवाखान्यातलं. आणि ते नाही मिळालं तर करोनात हाताला लावायचे ते सॅनिटायझर, त्यातही भिजतं. सगुणाबाईंना एकदम आठवलं. अंगणवाडीच्या कपाटात त्याच्या बाटल्या तेव्हापासून धूळ खात पडल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला. पण जलाल अजून ब्रशाच्या टोकाकडेच बघत होता.

"रंग निगंल. पन ह्याला मारलं कुनी? केसं तुटल्यात, वाकल्यात. ती काय परत सरळ व्हायची न्हाईत."

"दगडावर ठेचलं व्हतं," सगुणाबाई खाली बघत म्हणाल्या.

जलाल हसला नाही. "रंगानं येवढं बिघडवलं नसतं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा नंबरप्लेटीकडे वळला. परतीच्या गाडीत सगुणाबाई ते एक वाक्य उलटसुलट करत होत्या. म्हणजे वाळलेला रंग निघाला असता. आपण नीट करायला गेलो आणि तेच न निघणारं झालं. हे कसं, ते त्यांना कळेना. एवढं मात्र कळलं, की दोष आता रंगावर टाकता येणार नाही.

तरी त्यांनी हार मानली नाही. फुलाबाईकडून बाटल्या आणल्या, वाटीत ओतून ब्रश भिजत घातले, आणि घरातली उवांची फणी घेऊन एकेक केस विंचरायला बसल्या. पहिल्याच दिवशी फणीच्या दातांत हिरवी साय आली. पोपटाचा हिरवा! सगुणाबाई मोठ्यानं हसल्या, म्हशीनं मान वर करून बघितलं. मग रोज तेच. भांडी आवरायची, म्हशीचं करायचं आणि फणी घेऊन बसायचं. हिरव्यामागून पिवळा, मग करडा. बोटांची सालं निघाली, हातांना दवाखान्याचा वास बसला तो भाकरीलाही येऊ लागला. दोन बारीक ब्रश अगदी नव्यासारखे झाले. बाकीच्यांचा रंग निघाला, पण केस चहूकडे फिसकटलेले. पाणी लावून बोटांनी दाबले तर सरळ व्हायचे, वाळले की पुन्हा उभे. आणखी चार दिवसांनी बसतील, असं त्या रोज म्हणत.

एका संध्याकाळी सोमनाथ आला तो थेट उंबऱ्यावर बसला. बूटही काढले नाहीत.

"काय झालं रं?"

"मंगलमामी म्हनाल्या, न्यायचं नसंल तर तसं तोंडावर सांगा. लेक आन नात आमाला जड न्हाईत." मग आईकडे न बघताच तो म्हणाला, "तू चेलाडीपतूर गेलीस आन त्यांच्या घरला न्हाई गेलीस म्हनं."

त्याला आणखीही काही सांगायचं होतं असं दिसलं, पण त्यानं ते गिळलं. सगुणाबाईंनी आपल्या परीनं अर्थ लावला. कळलं वाटतं ब्रशांचं. जलालनं कुणाला सांगितलं असेल, नाहीतर फुलाबाईनं. आता लपवण्यात राम नव्हता. पोरगी आली नाही तर नाही आली, पण आपण खोटारडी म्हणून राहायचं नाही. त्यांनी फणीसकट सगळं फडक्यात बांधलं आणि सकाळी दुधाच्या टेम्पोत सोमनाथशेजारी जाऊन बसल्या.

कामथडीच्या घरी मंगलबाईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत. आतल्या दारात प्रेरणा उभी होती, खांद्यावर बाळ. ती पुढे आली नाही. सगुणाबाईंनी बाळाकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली. तोंडच नव्हतं वर बघायला. त्यांनी जमिनीवर फडकं सोडलं.

"प्रेरणा, म्या खोटं बोलले. ब्रश धुतलंच न्हवतं. कुंच्यावानी वाळवून ठिवलं. मंग भिजवलं, दगडानं ठेचलं, चिंच लावली, समदं क्येलं. दोन झालं बरं, बाकीच्याचं वाटोळं झालं. म्हनून तुला न्हेईना झाले. म्हटलं ब्रश नीट हुंद्या, मग न्ह्यावं. ब्रशच न्हाईत म्हटल्यावर तू कशाला येशील पासलीला? काय हाय तिथं?"

मंगलबाई एकदा ब्रशांकडे, एकदा विहिणीच्या सालं निघालेल्या बोटांकडे बघत होत्या.

"ह्या ब्रशांपायी थांबला व्हता तुमी?"

"व्हय."

"आन आमी हितं म्हंतोय, पयली मुलगीच झाली म्हनून..." मंगलबाई मधेच थांबल्या.

सगुणाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "मुलगी झाली म्हनून काय?"

त्यांनी सोमनाथकडे बघितलं, त्यानं टेम्पोकडे बघितलं. प्रेरणा पुढे आली आणि तिनं बाळ सासूपुढे धरलं. सगुणाबाईंनी हात मागे घेतले.

"नगं, हाताला वास मारतोय."

"मारू द्या," प्रेरणा म्हणाली आणि बाळ त्यांच्या हातात ठेवूनच मागे सरली. मग ती खाली बसली. फिसकटलेला एक ब्रश उचलून तिनं तो आपल्या तळहातावर फिरवला.

"हे त्याच दिवशी गेले होते, आत्या. दुपारच्या उन्हात."

"मग बारशाला इचारलंस कशाला?"

"कुणी उचलून तरी ठेवलेत का, ते बघायचं होतं."

"ठिवलं व्हतं की. वाशाला. माझ्या कुंच्याशेजारी."

प्रेरणाचे डोळे भरून आले. तिनं ब्रश एकेक करून पुन्हा फडक्यात ठेवले, झालेले आणि न झालेले वेगळे न करता, आणि गाठ मारली. मग आईला म्हणाली, "आई, माझी पिशवी भर. निघतो आम्ही."

टेम्पोत पुढं चौघं दाटीवाटीनं बसली. वाटेतलं वेल्हं मागे पडलं. मंगलबाईंचं ते अर्धं वाक्य सगुणाबाई अजून मनात घोळवत होत्या. पाण्याचं जसं कळलं नव्हतं तसंच हेही कळत नव्हतं, आणि घाटाच्या वळणावर एकदम कळलं. त्या दचकून प्रेरणाकडे वळल्या.

"म्हंजी तुमाला वाटलं, मला ही नगं व्हती?"

प्रेरणानं मान डोलावली. "तुम्ही सारखं थांब म्हणत होता, आत्या."

सगुणाबाईंनी मांडीवरच्या बाळाची मूठ उघडली आणि तिचं एकेक बोट सरळ करून बघितलं. मग समोरच्या रस्त्याकडे बघत बोलल्या.

"सोमाच्या आदी मला एक पोरगी झाली व्हती. तिची बोटं अशीच लांब व्हती."

प्रेरणाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"बारसं व्हायच्या आदीच गेली."

सोमनाथनं टेम्पो हळू केला. त्यालाही हे माहीत नव्हतं.